डाव दिसला पाहिजे : अ‍ॅक्शन सिनेमातली मारामारी कुठे जमते आणि कुठे फसते

खासबाग मैदानात अगदी वरच्या पायरीवर बसलेला माणूससुद्धा खाली लाल मातीत काय चाललंय ते बरोबर सांगतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली उभं राहिलेलं हे मैदान खोलगट ताटासारखं आहे. मध्ये आखाडा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, दोन्ही पैलवान डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतात. पट कोणी काढला, कब्जा कोणाचा सुटला, कुस्ती कुठे फिरली, हे शेजारच्याला विचारावं लागत नाही. हाच माणूस शेकडो कोटींचा अ‍ॅक्शन सिनेमा बघून बाहेर येतो तेव्हा मात्र कितीदा तरी म्हणतो, ‘मारामारी लय होती, पण नेमकं काय झालं ते कळलं नाही.’

यात त्याच्या नजरेचा काही दोष नाही. उलट, कुस्ती बघून तयार झालेली नजर ही अ‍ॅक्शन बघायला सगळ्यांत चांगली नजर आहे, असं आमचं ठाम मत आहे. तिला डाव बघायची सवय असते आणि पडद्यावर तिला फक्त हालचाल दाखवली जाते. डाव का दिसत नाही याची कारणं अगदी साधी आहेत : कॅमेरा कुठे ठेवला, कट (म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्या शॉटवरची उडी) कुठे मारला, फ्रेम (म्हणजे सिनेमाची एकेक स्थिर चित्रं) किती वेगाने घेतल्या.

एक धोबीपछाड, दोन प्रकारे

धोबीपछाडीचं उदाहरण घेऊ. पैलवान समोरच्याचा हात दोन्ही हातांनी पकडतो, त्याला स्वतःकडे खेचून त्याचा तोल पुढे आणतो, गर्रकन पाठ फिरवून गुडघे वाकवून त्याच्या खाली शिरतो आणि खांद्यावरून त्याला पुढे आपटतो. सगळा खेळ सेकंद-दीड सेकंदाचा. यातला खरा डाव आहे तो पाठ फिरवून खाली शिरण्यात. पकड सगळेच घेतात आणि आपटलेला माणूस सारखाच दिसतो.

आता कॅमेरा दहा-बारा फूट मागे ठेवून, दोघंही पायापर्यंत दिसतील असा एकच शॉट घेतला तर प्रेक्षकाला पकड, ओढ, वळण, फेक सगळं क्रमाने दिसतं. आपटल्यावर तो आपोआप ‘आह्’ करतो, कारण पडायच्या अर्धा क्षण आधीच त्याला कळलेलं असतं की गडी आता जाणार. दुसरी पद्धत अशी : मनगटाचा क्लोजअप, मग ओरडणारा चेहरा, मग हवेत फिरलेले पाय, मग जमिनीवर पाठ. चार शॉट झाले, पण वळण कुठेच नाही. डाव गाळून त्याच्या दोन्ही बाजूंचं सामान दाखवलं. प्रेक्षकाला निकाल कळतो, कुस्ती कळत नाही.

मग दिग्दर्शक दुसरी पद्धत का घेतात? आळस हे कारण क्वचितच असतं. लांबून एका शॉटमध्ये डाव घ्यायचा तर तो नटाला स्वतःला करता आला पाहिजे, नाहीतर स्टंट डबलचा चेहरा दिसतो. मागची सगळी जागा उजळावी लागते. मध्ये एकाचा पाय चुकला की पहिल्यापासून सुरुवात. तुकड्या-तुकड्यांत घेतलं तर नटाने फक्त चेहरा द्यायचा, बाकी डबल करतो आणि दिवसाचं काम दिवसात उरकतं. तारखा कमी असलेला महागडा नट आणि क्लोजअपांचा भडिमार यांची जोडी म्हणूनच जमते.

याच्या उलट, 1999 च्या ‘द मॅट्रिक्स’साठी हाँगकाँगचे फाइट मास्टर युएन वू-पिंग यांनी मुख्य नटांकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला होता. त्या सिनेमात कियानू रीव्हजचा स्टंट डबल होता चॅड स्टाहेल्स्की. पुढे 2014 मध्ये ‘जॉन विक’ त्यानेच दिग्दर्शित केला. नट काय करू शकतो हे ज्याला अंगाने माहीत आहे, तो कॅमेरा मागे घ्यायला घाबरत नाही. त्या सिनेमातली पकड-फेक-गोळीची साखळी सलग दिसते याचं रहस्य एवढंच आहे.

ठोसा न लागता कसा लागतो

ठोसा जवळजवळ कधीच लागत नाही. मूठ आणि गाल यांच्यात वीतभर अंतर असतं. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे ठेवतात, म्हणजे मूठ आणि चेहरा लेन्सच्या रेषेत एकामागे एक येतात आणि मधली पोकळी दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स लावली तर अंतर आणखी दाबलं जातं. कॅमेरा दोघांच्या बाजूला नेऊन ठेवला की लगेच पितळ उघडं पडतं. जुन्या सिनेमात खलनायक हवेला लागून पडतो असं वाटायचं, ते यामुळेच.

पण अर्ध्याहून जास्त काम मार खाणाऱ्याचं असतं. मूठ चेहऱ्याच्या रेषेत येते त्याच क्षणी मान गेली पाहिजे. आधी गेली तर ‘माहीत होतं’ असं दिसतं, उशिरा गेली तर खोटं दिसतं. मानेमागून खांदा, खांद्यामागून कंबर, मग पाय, अशी ती लाट खाली उतरली पाहिजे. नुसती मान झटकली तर थप्पड वाटते. त्यावर नंतर आवाज चढतो. ठोशाला मांसाच्या तुकड्यावर मारलेल्या फटक्याचा, हाड मोडायला सेलरीचे ताजे दांडे कडाकड मोडल्याचा. आवाज जरासा जरी सरकला तरी डोळ्याला ठोसा खोटा वाटतो. चूक कानाची असते, दोष डोळा काढतो.

तलवारीत वेगळीच चूक होते. मर्दानी खेळात लाठी किंवा दांडपट्टा चालवणारा वार अंगाच्या दिशेने करतो आणि समोरचा तो अडवतो. सिनेमात मात्र दोघंही पुष्कळदा एकमेकांच्या तलवारीवरच तलवार मारत राहतात. पुढच्या वेळी नीट बघा. नायकाने ती अडवली नसती तर ती त्याला लागली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते युद्ध नाही, टिपऱ्या आहेत.

कट किती, यापेक्षा कट कुठे

‘हल्ली कट फार असतात’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. जॉर्ज मिलरच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (2015) दोन तासांत सुमारे 2700 कट आहेत, म्हणजे सरासरी अडीच-पावणेतीन सेकंदांना एक. तरीही वाळवंटात कोण कोणाच्या मागे आहे हे एकदाही निसटत नाही. युक्ती अशी की जवळजवळ प्रत्येक शॉटमधली महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवली आहे. कट पडला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. त्याची नजर जिथे होती तिथेच पुढची गोष्ट हजर असते. संपादिका मार्गारेट सिक्सेल यांना या कामासाठी ऑस्कर मिळालं, आणि ते अगदी योग्य हातात गेलं.

आता उलट टोक. ‘टेकन 3’मध्ये नायक जाळीचं कुंपण ओलांडतो. सहा सेकंदांत डझनाहून जास्त कट. कधी हात कोपऱ्यात, कधी बूट वर, कधी चेहरा खाली. दर वेळी डोळ्याला नवी जागा शोधावी लागते आणि ती सापडेपर्यंत शॉट गेलेला असतो. पाचच मिनिटांत डोकं दुखायला लागतं ते कटांमुळे कमी आणि या शोधाशोधीमुळे जास्त.

दुसरा नियम शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्याला लगेच कळेल. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना टीव्हीवर दाखवताना मुख्य कॅमेरे एकाच बाजूच्या गॅलरीत असतात. मध्येच समोरच्या गॅलरीतला शॉट लावला तर उजवीकडे चढाई करणारा संघ एकदम डावीकडे पळताना दिसेल आणि स्वतःच्याच गोलवर चाल करतोय असं वाटेल. मारामारीतही दोघांमधून एक काल्पनिक रेषा जाते आणि कॅमेऱ्याने शक्यतो तिच्या एकाच बाजूला राहायचं असतं. ओलांडायचीच असेल तर कॅमेरा चालताना दाखवून ओलांडायची, म्हणजे प्रेक्षकही सोबत फिरतो. गर्दीच्या हाणामारीत आपला कोण आणि परका कोण हे कळेनासं होतं तेव्हा बहुतेक वेळा ही रेषा कोणीतरी गुपचूप ओलांडलेली असते.

आणि कट नेमका फटक्यावर मारायचा असेल तर? हाँगकाँगची, विशेषतः जॅकी चॅनची पद्धत बघण्यासारखी आहे. पहिल्या शॉटमध्ये लाथ लागते. पुढच्या शॉटमध्ये तीच लाथ लागायच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून पुन्हा सुरू होते. हिशेबाने लाथ दोनदा लागली, पण नवीन शॉट ओळखण्यात डोळ्याचे ते दोन-तीन फ्रेम गेलेलेच असतात, म्हणून ती एकदाच आणि जोरात लागल्यासारखी वाटते. अमेरिकी सिनेमात पुष्कळदा उलट होतं. फटका लागतानाच कट करून तेवढे फ्रेम खाल्ले जातात. मग नुसता आवाज उरतो.

फ्रेमचा हिशेब

सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. घेताना 22 ने घेतला आणि दाखवताना 24 ने दाखवला तर हालचाल साधारण नऊ टक्के वेगवान होते. ही चोरी प्रेक्षकाला कळत नाही आणि नट चपळ दिसतो. 18 पर्यंत खाली आलात तर कपडे फडफडतात, चालणं तुरतुरं होतं. उलट 120 ने घेतलं की तेच पाचपट सावकाश. नायकाच्या एंट्रीला उडणारी धूळ अशीच घेतात.

कोल्हापूरला हा हिशेब नवा नाही. बाबूराव पेंटरांनी स्वतः बनवलेला कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. फिरवणाऱ्याचा हात हाच वेग. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली आला तेव्हा त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका खरा वाटला की लोक घाबरले आणि तो प्रसंग पुढे काढून टाकावा लागला. शंभर वर्षांपूर्वी, आवाज नसताना, संगणक नसताना, याच गावच्या माणसांनी मारामारीचं वजन पडद्यावर आणलं होतं. ही गोष्ट प्रत्येक कोल्हापुरी सिनेमावेड्याला पाठ असायला हवी.

शटरचीही एक गंमत आहे. शटर म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारी फिरती चकती. तिची उघडी फट अंशांत मोजतात. नेहमीच्या 180 अंशांच्या शटरमध्ये प्रत्येक फ्रेमला एक-अठ्ठेचाळिसांश सेकंद उजेड मिळतो, त्यामुळे हलणारा हात थोडा पुसट येतो आणि हालचाल गुळगुळीत वाटते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या (1998) लढाईत शटर 45 अंशांपर्यंत खाली आणलं होतं, म्हणजे उजेडाचा वेळ पाव झाला. उडालेल्या मातीचा कणन्‌कण टोकदार दिसतो आणि हालचाल तुटक होते. घाबरलेल्या माणसाला जग असंच दिसतं. तिथे ते शोभलं. नंतर उठसूट प्रत्येक लढाईला तेच लावलं गेलं आणि त्याचं तेज गेलं.

वजन

संगणकावर तयार केलेला राक्षस कितीही बारकाईने रंगवला तरी तो हलका वाटतो, याचं कारण बहुधा पडण्यात सापडतं. हवेचा अडथळा सोडला तर वरून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर, दोन सेकंदांत वीस मीटर, तीन सेकंदांत चव्वेचाळीस मीटर खाली येते. म्हणजे सहा मजली इमारतीवरून पडणाऱ्याला जेमतेम दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत त्याने संवाद म्हटला, वळून गोळी झाडली आणि हातही पकडला, की आपल्या पोटातला गोळा नाहीसा होतो. हे गणित आपण मांडत नाही, पण लहानपणापासून आंबे पाडलेल्या डोळ्याला ते येतं.

दोरीवरच्या उड्यांतही हेच. दोरी आता संगणकावर पुसता येते, पण ती कमरेला बांधलेली असते हे लपत नाही. माणूस खरी उडी मारतो तेव्हा आधी गुडघे वाकतात, टाच दाबली जाते आणि मग अंग वर जातं. दोरीने ओढलेल्याची कंबर आधी उठते आणि पाय मागून लोंबकळत येतात. चांगला फाइट मास्टर नटाला म्हणूनच आधी जमिनीवरच्या उड्या मारायला लावतो.

‘द डार्क नाइट’मध्ये (2008) शिकागोच्या रस्त्यावर उलटणारा ट्रक खरा आहे. नायट्रोजनच्या दाबावर चालणारा दट्ट्या ट्रेलरखाली बसवून त्याला उभा केला. तो उताणा होताना क्षणभर हवेत थांबल्यासारखा होतो आणि मग धाडकन येतो. ते थांबणं कोणी मुद्दाम काढलं नसतं.

प्रतिकृती वापरतानाचा नियमही पक्का आहे. जेवढ्या पटीने वस्तू लहान, त्याच्या वर्गमुळाएवढ्या पटीने फ्रेमचा वेग वाढवायचा. सोळापट लहान पूल पाडायचा तर चौपट वेग, म्हणजे सेकंदाला 96 फ्रेम. तेव्हा तो खऱ्या पुलासारखा सावकाश कोसळतो. पाण्याला मात्र हे लागू पडत नाही, कारण थेंब लहान करता येत नाही. रंकाळ्यात खेळण्यातली होडी सोडून कितीही सावकाश चित्रण करा, शिंतोडे बघून ती खेळणीच आहे हे कळणार.

कॉमिकमधली रिकामी पट्टी

कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मध्ये बोटभरही नसलेली एक पांढरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली, दुसरीत खलनायक भिंतीत. ठोसा छापलेलाच नसतो. तो वाचणारा स्वतः त्या पट्टीत मारतो, त्याला हवा तेवढ्या जोरात. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळाचा ठोसा आजही ज्यांना आठवतो त्यांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते पुष्कळसं त्यांचं स्वतःचं आहे.

सिनेमात ही पट्टी नाही. तिथे सगळं दाखवावंच लागतं. म्हणून ‘कॉमिकला इमानदार’ राहण्यासाठी चौकटी जशाच्या तशा उभ्या करणं हा हमखास फसणारा मार्ग आहे. ‘वॉचमेन’ हे 12 अंकांचं कॉमिक बहुतेक पानांवर नऊ सारख्या चौकटींत मांडलंय. त्या ठोक्याने वाचताना हिंसा थंड आणि विद्रूप वाटते. 2009 च्या सिनेमाने कित्येक चौकटी हुबेहूब रचल्या, पण मारामारी सावकाश करून दिमाखदार केली. चित्र तेच राहिलं आणि अर्थ उलटा झाला.

‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ने (2018) नेमकं वर्म ओळखलं. चौकटींऐवजी त्यांनी कॉमिकचा वेग आणला. नवशिका स्पायडर-मॅन माइल्स पुष्कळ ठिकाणी एकच चित्र दोन फ्रेम धरून हलतो, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात शेजारी सराईत स्पायडर-मॅन पीटर 24 चित्रांनी हलतो. एक अडखळतो, दुसरा वाहतो, आणि हे सांगायला एक शब्द लागत नाही. शिवाय हालचालीची पुसट छटा काढून टाकली, छपाईचे ठिपके ठेवले. कॉमिकवरच्या सिनेमांत आजवर झालेलं हे सगळ्यांत शहाणं काम आहे, असं आम्ही कोणाशीही वाद घालून म्हणू.

हक्कांचा सातबारा

एकाच कंपनीचे नायक इतकी वर्षं एकमेकांच्या सिनेमात का नव्हते, हा प्रश्न वाटणी झालेल्या शेताचा आहे. 1996 मध्ये मार्व्हल या कॉमिक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या दशकात पैशासाठी तुकडे विकले गेले होते आणि जात होते. एक्स-मेनच्या सिनेमाचे हक्क फॉक्स स्टुडिओकडे, स्पायडर-मॅनचे सोनीकडे. या व्यवहारांत पुष्कळदा अट असते की ठरलेल्या मुदतीत सिनेमा सुरू केला नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत. वहिवाट सोडली की जमीन गेली, तसंच. 1992 च्या डिसेंबरअखेर मुदत संपत होती म्हणून ‘फँटास्टिक फोर’चा एक अगदी स्वस्तातला सिनेमा घाईघाईने सुरू केला गेला. तो कधी रीतसर प्रदर्शित झालाच नाही, पण हक्क राहिले.

2005 मध्ये मार्व्हलने हातात उरलेल्या पात्रांचे हक्क तारण ठेवून सुमारे 52.5 कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली आणि 2008 मध्ये स्वतःचा ‘आयर्न मॅन’ काढला. फसला असता तर पात्रं सावकाराच्या घरी गेली असती. 2009 मध्ये डिस्नेने कंपनी घेतली, 2019 मध्ये फॉक्सही. मधल्या काळातली सगळ्यांत विचित्र वाटणी क्विकसिल्व्हर या वेगवान नायकाची. तो दोन्ही शेतांच्या बांधावर होता, म्हणून 2014 मध्ये फॉक्सच्या आणि 2015 मध्ये मार्व्हलच्या सिनेमात वेगवेगळ्या नटांनी तो केला. मार्व्हलवाल्यांना त्याला ‘म्युटंट’ (एक्स-मेनच्या जगातला, जन्मतःच शक्ती असलेला माणूस) म्हणायची मात्र सोय नव्हती.

हे माहीत असलं की पुढच्या भागांची घोषणा आधीच का होते तेही कळतं, आणि त्यातच मालिकांचा खरा रोग आहे. नायकाचे पुढचे दोन सिनेमे जाहीर झालेत म्हणजे आजची कुस्ती नुरा आहे हे मैदानाला ठाऊक असतं. जाणकार लेखक मग ‘जगेल का’ हा प्रश्नच सोडून देतो आणि ‘काय गमावेल’ हा विचारतो. हात जाईल, मैत्री तुटेल, शब्द मोडावा लागेल. ‘लोगन’ने (2017) तर नायकाला खरंच संपवलं आणि त्या सिनेमातली प्रत्येक जखम म्हणून दुखते. 2024 मध्ये तोच नट त्याच पात्रात परत आला. धंद्याचं गणित समजतं, पण आधीच्या शेवटाचं थोडं वजन त्याने काढून घेतलंच.

घरी आणि थिएटरात

थिएटरात पडद्याच्या मधोमध आणि साधारण दोन तृतीयांश मागची रांग घ्या. पुढे बसलात तर कट पडला की मान फिरवावी लागते. थ्रीडीच्या चष्म्याने पडदा बराच अंधारतो, त्यामुळे रात्रीचे प्रसंग जास्त असलेला सिनेमा साध्या टूडीमध्ये बघा.

घरच्या टीव्हीवर पहिलं काम म्हणजे चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करणं. एलजीवर ती ‘ट्रूमोशन’ नावाने, सोनीवर ‘मोशनफ्लो’ नावाने सापडते. ती दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवते. मग महागडा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो आणि वर सांगितलेली 22 फ्रेमची, दोन-तीन फ्रेमची सगळी कारागिरी वाया जाते. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कान फाडणारे येत असतील तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 5.1 (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरचा) निवडा. दोनच स्पीकरच्या टीव्हीला मधल्या स्पीकरचा संवाद नीट वाटून देता येत नाही.

मग आवडती एखादी मारामारी निवडा आणि आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण कुठून आला, हत्यार कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं, डाव कोणत्या क्षणी फिरला, हे सांगता आलं तर तोच प्रसंग आवाजासह परत लावा. आता सेलरीचे दांडेही ऐकू येतील.